देवसोयरी

माझं इंग्रजी 'बी'पासून सुरू होतं. त्याला कारण वाळवी.

सत्तावीस वर्षांपूर्वी वसई स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे मला एक जाडजूड डिक्शनरी मिळाली. पाठीचा पुठ्ठा गेलेला आणि पुढची पानं वाळवीने अशी सफाईने खाल्लेली की 'ए' हे अक्षर पूर्ण गायब. तरी मी ती उचलली, कारण प्रत्येक शब्दाच्या शेवटी कंसात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की हा शब्द आला कुठून, आधी कसा होता, वाटेत काय काय टाकून आला. माणसाचं कूळ विचारावं तसं शब्दाचं कूळ. माझं शिक्षण दहावी, तीही कशीबशी. त्यानंतर शिलाई मशीनवर बसले ती आजतागायत. मशीनचा पाय थांबला की डोळे डिक्शनरीत, असं करत करत मी 'बी'पासून 'झेड'पर्यंत दोनदा जाऊन आले आहे. 'ए'चे शब्द लोकांच्या तोंडून ऐकून माहीत. ॲडमिशन, ॲम्ब्युलन्स, ॲसिडिटी. फार काही हुकलं असेल असं वाटलं नाही.

मी शिवते मुख्यतः बाप्तिस्म्याचे झगे. पांढरे, लेसचे, बाळाच्या पायांखाली दोन-दोन हात लोंबणारे. गावातली निम्मी पोरं माझ्या टाक्यांत गुंडाळून फादरांसमोर गेली. माझं स्वतःचं त्यांत एकही नाही. हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

आता ग्रेसी. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, आणि लग्न होऊन आलो त्या एकाच गावात. तिचं घर आमच्या केळीच्या वाडीला लागून. दर गुरुवारी चार वाजता मी कुंपणाच्या फटीतून तिच्या स्वयंपाकघरात जायचे. चहा तिचा, शब्द माझा. आठवडाभर शोधून एक शब्द काढायचा, त्याचं कूळ पाठ करायचं आणि तिच्यापुढे ठेवायचा. 'लेडी' म्हणजे मुळात पाव मळणारी, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पीठच मळत होती. तिने भरलेले हात तसेच वर धरून नवऱ्याला हाक मारली, की या आत, घरात लेडी उभी आहे, आणि आजपासून जरा नीट बोलत जा. असं ऐकणारं माणूस एकच मिळतं. मला मिळालं होतं.

टिफनी ही ग्रेसीची एकुलती मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी ग्रेसीला मीच गॉडमदर हवी होते. सासूने नणंदेचं नाव घातलं. ग्रेसी तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती आणि म्हणाली होती, पुढचं बाळ तुझं. पुढचं बाळ होणार नाही, हे लवकरच कळलं. मग एकदा दोरीवर टिफनीचे लंगोट वाळत घालता घालता म्हणाली, जाऊ दे, टिफनीचं बाळ तुझं. तिने ते म्हटलं, चिमटे संपले आणि ती आत गेली. मी ते ठेवून घेतलं. एकोणतीस वर्षं.

गेल्या वर्षी टिफनी बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिच्यामागोमाग इझाबेल आली.

इझाबेल टिफनीची कॉलेजातली इंग्रजीची प्रोफेसर. आई इथलीच, वसईतल्या उमराळ्याची, पण ही वाढली मुंबईत. रिटायर झाली, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा परदेशी, म्हणून नायगावला खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर घेऊन राहिली. टिफनीला बघायला आली तो नेमका गुरुवार निघाला. पुढच्या गुरुवारीही आली. तिसऱ्या गुरुवारी मी कुंपणातून आत शिरले तर ती माझ्या स्टुलावर बसली होती. स्टुलावर माझं नाव नव्हतं, हे मला मान्य आहे.

तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, ही तिची मोठी खोट. आवाज मऊ. साडी कॉटनची आणि संध्याकाळपर्यंत न चुरगळणारी. मी आठवडाभर खपून शब्द आणायचे आणि तिला तो डिक्शनरीशिवाय येत असायचा. ती मला कधी दुरुस्त करायची नाही. फक्त मी संपवलं की 'किती छान' म्हणायची आणि मग त्यात आणखी थोडं घालायची, भाजीवर खोबरं भुरभुरावं तसं. ग्रेसी तिला आधी 'तुम्ही' म्हणायची. अकराव्या आठवड्यात 'तू' झालं. मला स्वतःला 'मॅडम'च्या खाली उतरता आलं नाही. पाचूबंदरहून ग्रेसीचा नवरा मोठा मासा आणायचा तेव्हा अर्धा आमच्याकडे यायचा, हे वर्षानुवर्षांचं. आता त्याचे तीन वाटे होऊ लागले, आणि शेपटीकडचा आमचा. माझा नवरा जेम्स म्हणाला, शेपटीकडचा तुला आवडतो ना. आवडतो. प्रश्न तो नव्हता.

बाळ झालं. मुलगा. नाव ॲल्रॉय ठरलं. बाप्तिस्मा नाताळ आटोपल्यावर दुसऱ्या रविवारी. गॉडफादर जावई डेरिककडचा, त्याचा भाऊ एरॉल. गॉडमदर ग्रेसीकडची असं दोन्ही घरांनी ठरवलं, पण कोण ते ग्रेसी बोलेना. मी आठवण करून दिली नाही. एकोणतीस वर्षांपूर्वीचा शब्द आपणच पुढे केला तर तो दिलेला राहत नाही, मागितलेला होतो.

पण त्या गुरुवारी मी शब्द मात्र हिशेबाने निवडला. गॉसिप.

ग्रेसीला म्हटलं, सांग बघू, गॉसिप म्हणजे काय. ती म्हणाली, विनी. आम्ही तिघी हसलो. विनी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारी, तिच्या ओटीवरून गेल्याशिवाय कुठलीच बातमी गावात शिरत नाही. मग मी सांगायला लागले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा एक शब्द नव्हता, दोन होते. गॉड आणि सिब. गॉड म्हणजे देव, सिब म्हणजे सोयरा, नात्यातला. रक्ताने नव्हे, देवासमोर जोडलेलं नातं. बाप्तिस्म्याला बाळ हातात घेऊन उभी राहते ती गॉडसिब. गॉडमदर. मी त्याचं मराठीही करून आणलं होतं. देवसोयरी.

ग्रेसीचा चहाचा कप हवेत थांबला. मला तेच हवं होतं.

पुढे सांगितलं. मग हा शब्द घसरत गेला. आधी गॉडमदर, मग जिवाभावाची मैत्रीण, मग बाळंतिणीच्या खोलीत ज्या बाया जमायच्या त्या सगळ्या. त्या खोलीत पुरुषांना बंदी. आत बाया रात्रंदिवस काय बोलतात, याने बाहेर पुरुषांच्या पोटात गोळा. म्हणून मग गॉसिप म्हणजे वटवट करणारी बाई. आणि शेवटी बाई गळून पडली, नुसती वटवट राहिली.

एवढं सांगून मी थांबले. शेवटचा पत्ता मी हातात ठेवला होता. पोर्तुगीजांकडेही असाच शब्द आहे, कोंपाद्रे, बाळाचा बाप आणि गॉडफादर एकमेकांना म्हणतात तो. आणि आमच्या समाजाला कुपारी म्हणतात ते त्याच शब्दावरून आलं असं जाणती माणसं सांगतात. म्हणजे आम्ही अख्खे गावच्या गाव एकमेकांचे देवसोयरे. हे मी ग्रेसीच्या डोळ्यांत बघून सांगणार होते, आणि मग तिला दोरीवरचे लंगोट आठवणार होते. मी चहाचा एक घोट घेतला. एकच.

"आणि गंमत बघ ग्रेसी," इझाबेल म्हणाली, "आपण कुपारी म्हणजे तेच की. कोंपाद्रे. आपल्या नावातच गॉडसिब आहे."

ग्रेसीने टाळी वाजवली. टिफनी आतून बाळाला घेऊन बाहेर आली आणि तिनेही पुन्हा सांगा, पुन्हा सांगा केलं. इझाबेलने पुन्हा सांगितलं. मी केलेला 'देवसोयरी' हा शब्दही तिने त्यात वापरला, आणि तो आल्बिनाचा, म्हणजे माझा, आहे असं प्रामाणिकपणे म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही. ग्रेसीचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, हा इशाराच झाला. टिफनीला जिने शिकवलं तीच तिच्या बाळाला धरेल. इझाबेल, तू हो आमची देवसोयरी.

इझाबेल गडबडली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, हे मी नाकारत नाही. मी म्हटलं, किती छान.

झगा शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. लेस इझाबेलने द्यायची ठरली, तिने लग्नात डोक्यावरून घेतलेल्या पांढऱ्या जाळीची जुनी लेस. पुढच्या रविवारी ती आमच्या चर्चला साडेआठच्या मिस्सेला येणार होती, तेव्हा सव्वाआठला माझ्याकडे लेस टाकायला आली. जेम्स गच्चीवरून सुकेळ्यांचं ताट घेऊन उतरत होता. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची हे त्याचं लाडकं काम, आणि त्या वर्षीची पहिलीच खेप होती. मी ताट तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, मिस्सा आहे आता. मी म्हटलं, एका सुकेळ्याने काय होतंय मॅडम, पहिल्या खेपेला नाही म्हणत नाहीत. तिने घेतलं. डोळे मिटून खाल्लं.

कम्युनियनच्या, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर घेण्याच्या, आधी तासभर काही खायचं नाही, हा नियम. आजकाल घड्याळ कोण बघतं. ती बघणारी निघाली. कम्युनियनला सगळा बाक उठला आणि ती बसून राहिली. गुडघे बाजूला घेऊन तिने मला वाट दिली. मला कारण माहीत होतं. कारण तेव्हा तिच्या दातांत असेल.

मंगळवारी विनी ब्लाउज उसवायला आली. झग्याची लेस बघून म्हणाली, प्रोफेसरीणबाई होणार वाटतं गॉडमदर. मी हो म्हटलं. ती म्हणाली, बाई बरी दिसते. मी टाचण्या तोंडात धरल्या होत्या. त्या तशाच ठेवल्या असत्या तर ही गोष्ट झाली नसती. मी त्या काढल्या आणि म्हणाले, "बरीच आहे. रविवारी कम्युनियनला मात्र उठली नाही."

बस, एवढंच. एक अक्षर खोटं नाही. पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं, की मीच तिला सुकेळं खायला घातलं होतं. ते मी बोलले नाही. टाचण्या परत तोंडात घातल्या.

विनीने काही विचारलं नाही. 'अच्छा' म्हणाली, ब्लाउज न घेताच गेली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. उठली नाही, याचं शुक्रवारपर्यंत 'उठत नाही' झालं. शनिवारी 'उठू शकत नाही'. आणि जी उठू शकत नाही तिच्या लग्नात काहीतरी असणार, कारण चर्चबाहेर लग्न केलेल्यांना कम्युनियन मिळत नाही, आणि गॉडमदरही होता येत नाही. मग ते लग्न कोर्टात झालं. मग नवरा आधीच लग्नाचा होता. मेलेल्या माणसाला आठवडाभरात गावाने दुसरी बायको दिली. शब्द कसा घसरतो हे मी डिक्शनरीत शेकडो वेळा वाचलं होतं, हजार वर्षांचा प्रवास दोन ओळींत. आमच्या गावाने तो सहा दिवसांत करून दाखवला.

गॉडमदर बाहेरच्या चर्चची असेल तर तिच्या फादरांचं पत्र लागतं. ते इझाबेल आणणारच होती. पण आता गावातल्या दोन बाया ग्रेसीच्या दारात आल्या आणि तुझ्या भल्यासाठी सांगतो म्हणाल्या, पत्राबरोबर तिच्या लग्नाचा दाखलाही मागून घे, ऐन वेळी फजिती नको. ग्रेसी बिचारी सरळ. तिने फोनवर इझाबेलला जसंच्या तसं सांगितलं. इझाबेल म्हणाली, दाखला कपाटात आहे, पण तो दाखवून मी बाळाला धरणार नाही. बाळावर ते ओझं नको. आणि म्हणाली, आल्बिनाला विचार. खरं तर ते आधीच तिचं होतं.

ग्रेसी त्याच दुपारी कुंपणातून माझ्याकडे आली. सहसा ती येत नाही, मीच जाते. तिने सगळं सांगितलं, रडली, माझ्या मांडीवर नाही पण माझ्या कटिंगच्या टेबलावर डोकं ठेवून. मग म्हणाली, तूच हो आता. तूच व्हायला हवी होतीस.

मी हो म्हटलं. एवढ्या पटकन म्हटलं की माझं मलाच ऐकू आलं.

तो आणि पुढचा असे दोन दिवस मला फार सुखाचे गेले, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. जेम्सचा सूट इस्त्रीला दिला. माझी मोतिया साडी बाहेर काढली. मशीनवर बसून झग्याला इझाबेलचीच लेस लावत होते, आणि फादर जे विचारतात त्याची उत्तरं म्हणून बघत होते. सैतानाचा त्याग करता का? करते. त्याच्या सर्व कृत्यांचा त्याग करता का? करते. त्याच्या सर्व पोकळ भुलावण्यांचा? करते. छान जमत होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी जेम्सला सगळा प्रकार सांगितला, म्हणजे गावात काय बोलतात ते. तो पाचूबंदरच्या बोंबलाचा काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "पण त्या दिवशी तर तूच तिला सुकेळं खायला लावलंस ना?"

मी म्हटलं, हो.

"मग?"

मला वाटलं तो पुढे काही बोलेल. त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि भात कालवला. जेम्सचं हेच वाईट आहे.

दुपारी पुन्हा मशीनवर बसले. सैतानाचा त्याग करता का, इथपर्यंत आले. पुढचा शब्द येईना. मी मुद्दाम मोठ्याने म्हणून बघितला. 'क' आला, 'रते' आलं नाही. टाका उसवला. लेस उसवली. चांगली लेस होती, हस्तिदंती रंगाला आलेली, एका बाईच्या डोक्यावरून चर्चच्या दारातून आत गेलेली. ही लेस म्हणजेच दाखला होता, आणि तो अकरा दिवस माझ्या मशीनवर पडून होता.

गुरुवार होता. चार वाजता मी कुंपणातून गेले. ग्रेसीने चहा ठेवला आणि सवयीने विचारलं, आजचा शब्द?

मी म्हटलं, शब्द नाही, सांगायचं आहे. आणि सांगितलं. सव्वाआठ, सुकेळं, टाचण्या, विनी. दोरीवरचे लंगोटही सांगितले, कारण आता राखून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ग्रेसीने गॅस बंद केला. चहा गाळला नाही. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती, तिथे बघण्यासारखं काही नाही, आमच्या केळी आहेत. मग म्हणाली, "सत्तावीस वर्षं तू मला शब्द आणून दिलेस. कुठले कुठले, मेलेले, कुणाला नको असलेले. आणि एक शब्द द्यायचा होता तो दिला नाहीस. सुकेळं. एवढाच द्यायचा होता."

मी न गाळलेल्या चहाकडे बघत राहिले.

"आणि लंगोटांचं मी विसरले होते. साफ विसरले होते. आठवण का नाही केलीस?"

"आठवण करून द्यायला लागली असती तर काय उपयोग."

"हो, मग बस तशीच," ग्रेसी म्हणाली. "मला सांगून काय करतेस. नायगावला जा."

मी झगा पिशवीत घातला आणि रिक्षाने नायगावला गेले. चौदाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली तेव्हा मनात आलं, देवा, ती घरी नसू दे. ती घरी होती. खिडकीतून खाली खाडी आणि मिठागरं, एवढ्या उंचीवरून वहीच्या चौकड्यांसारखी. घर नीटनेटकं, आणि फार शांत. टेबलावर एकच ताट पालथं घातलेलं. भिंतीवर लग्नाचा फोटो. चर्चच्या पायऱ्यांवर ती आणि तिचा नवरा, डोक्यावर लेस. मी तो फोटो आधी बघितला असता तर, असं वाटलं, आणि मग वाटलं, बघितला असता तरी.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. मी पाठ करून गेले होते, पण ते पाठ केलेलं जिन्यातच सांडलं होतं. लिफ्ट होती, तरी. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने माझ्यापुढे पाणी ठेवलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "सुकेळ्याचं तुला आणि जेम्सलाच माहीत होतं. आणि जेम्स काही बोलत नाही."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ग्रेसीला तिने सांगितलं नव्हतं, उलट माझंच नाव पुढे केलं होतं. मी विचारलं, का? ती म्हणाली, "तू बोलत असताना मी मधेच तोंड घातलं होतं, कुपारीचं. तुझा चेहरा बघितला मी. आपण काहीतरी उचललंय हे कळलं, आणि काय ते ग्रेसी मला देवसोयरी हो म्हणाली तेव्हा कळलं. मला वाटलं, परत करावं."

मग तिने इंग्रजीत काहीतरी म्हटलं, क्षमेचं. मला पूर्ण समजलं. तिने मला माफ केलं, आणि तेही माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत. त्या क्षणीसुद्धा मला ते टोचलं. आणि परत येताना रिक्षात लक्षात आलं की ती मला 'तू' म्हणाली होती.

झगा मी तिच्यासमोरच टेबलावर पसरला होता. म्हटलं, लेस उसवलीय, तुमच्या हातात बाळ असेल तरच लावीन. ती नको नको म्हणाली. मी म्हटलं, मग बाळ बिनलेसचं जाईल आणि गाव मला शिवणातही नावं ठेवेल. तेव्हा ती हसली.

रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात विनीच्या भोवती पाचसहा जणी होत्या. मी तिथे जाऊन सरळ सांगितलं, की इझाबेल मॅडम कम्युनियनला उठल्या नाहीत कारण सव्वाआठला मी त्यांना सुकेळं खायला लावलं होतं. हे मला माहीत होतं आणि मी विनीला अर्धंच सांगितलं. विनी म्हणाली, हात्तिच्या, एवढंच? मग तेव्हाच नाही का सांगायचं. तिच्या आवाजात खरोखरची निराशा होती.

दुपारपर्यंत गावात पसरलं की आल्बिनाने प्रोफेसरीणबाईंना मुद्दाम मिस्सेच्या तोंडावर सुकेळं चारलं, त्यांचं कम्युनियन चुकवायला. संध्याकाळी त्या सुकेळ्यावर काहीतरी शिंपडलेलंही होतं. जेम्सच्या सुकेळ्यांना त्या वर्षी गिऱ्हाईक कमी झालं. मी कुणाला दुरुस्त करायला गेले नाही. शब्द एकदा घसरायला लागला की मूळ कंसात राहतं, बारीक अक्षरांत, आणि ते वाचायला माझ्यासारख्या रिकामटेकड्या बायाच लागतात.

बाप्तिस्म्याला इझाबेलने बाळाला धरलं. मी दुसऱ्या बाकावर होते, मोतिया साडीत. ग्रेसी माझ्याशी अजून मोजकंच बोलत होती, पण फादरांनी पाणी ओतायला बाळाला पुढे घ्यायला सांगितलं तेव्हा झग्याचा घेर इझाबेलच्या चपलेत अडकला, आणि ग्रेसीने मागे न बघताच हात हलवून मला बोलावलं. मी जाऊन घेर सोडवला आणि तो धरून तिथेच उभी राहिले, कारण सोडला असता तर परत अडकला असता. म्हणून फादरांनी सैतानाचं विचारलं तेव्हा मी त्या दोघींच्या मधे होते, गुडघ्यात वाकलेली. ज्यांना विचारलं होतं त्यांनी उत्तर दिलं. मीही दिलं, खालून, झग्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. या वेळी शब्द पूर्ण आला. ॲल्रॉय पाणी पडताच रडला आणि इझाबेलच्या लेसवर ओकला. डाग मी दुसऱ्या दिवशी काढून दिला.

पुढे एक गुरुवार रिकामा गेला, मी गेले नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी साडेचारला ग्रेसीने कुंपणातून ओरडून विचारलं, की चहा केळीच्या पाटात ओतून देऊ का. गेले. इझाबेल होती. या वेळी ती खुर्चीवर बसली होती आणि स्टूल रिकामं होतं.

मी शब्द सांगितला. ती ऐकत राहिली, भुवया उंचावून, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे. दुसऱ्या गुरुवारीही तसंच. तिला येत होतं सगळं. माहीत नसल्यासारखं करत होती, माझ्यासाठी. ते मला कळत होतं, ग्रेसीलाही कळत होतं, आणि सुकेळ्याच्या प्रकरणापेक्षा मला ते जास्त लागलं. तिसऱ्या गुरुवारी मी म्हटलं, मॅडम, हे बंद करा. येतं तर येतं म्हणा.

ती ओशाळली. मग जरा विचार करून म्हणाली, आपण वाटून घेऊ या का? 'ए' तुझ्याकडे नाहीच. 'ए'चे शब्द मी आणीन. 'बी'पासून पुढचे सगळे तुझे, त्यात मी तोंड घालणार नाही. एक गुरुवार तुझा, एक माझा.

ग्रेसी म्हणाली, बरं झालं, मला एकेक आठवडा तरी नवीन माणूस. मी मनातल्या मनात हिशेब केला. पंचवीस अक्षरं माझी, एक तिचं. कबूल म्हटलं, आणि फार उदार झाल्यासारखं वाटलं.

घरी येताना कुंपणात पदर अडकला. तो सोडवता सोडवता एकदम डोक्यात आलं की इझाबेल माझ्या वाट्यात आली आहे, आणि ग्रेसीही. पण आल्बिना 'ए'मध्ये आहे.

आणि ॲल्रॉयसुद्धा.

तशीच मागे फिरले. दोघी अजून टेबलाशीच होत्या, बाळ इझाबेलच्या खांद्यावर झोपलेलं. मी फटीतूनच सांगितलं, की दोन शब्द मला परत पाहिजेत. कुठले, ते नाही सांगितलं. इझाबेलने विचारलंही नाही. तिने बाळाचा चेहरा माझ्याकडे वळवून धरला आणि म्हणाली, "एक घेऊन जा. दुसऱ्याचं पुढच्या गुरुवारी बघू."